चांगला पाय आधी

नांदेड, ११ नोव्हेंबर २०२५

चि. साक्षी,

आशीर्वाद लिहिणार होते, पण तो तुला हवा आहे की नाही ते माहीत नाही. म्हणून आधी बातमी लिहिते. माझा गुडघा बदलला! उजवा. तोही पूर्ण नाही, अर्धाच. डॉक्टर म्हणाले, "आजी, आतल्या बाजूची गादी झिजलीय, बाहेरची शाबूत आहे. बिघडलं तेवढंच बदलू." मी म्हटलं, म्हणजे टायर तोच ठेवून पंक्चर काढता म्हणा की! ते हसले नाहीत. नर्स मात्र हसली.

गेल्या आठवड्यात सोमवारी ऑपरेशन झालं आणि मंगळवारी सकाळी मी उभी! खोटं वाटत असेल तर तुझ्या नवऱ्याला विचार, सत्यम तिथेच होता. तीस वर्षं अंगणवाडीत पोरांसोबत उकिडवी बसून जो पाय घालवला, तो असा एका रात्रीत जमिनीला टेकेल असं वाटलं नव्हतं. मनतशा नावाची फिजिओथेरपिस्ट येते, आपल्या इतवारा भागातली मुलगी, सत्तावीस-अठ्ठावीसची. मला मावशी म्हणते आणि मास्तरणीसारखी दम देते. कोनमापक लावून गुडघा मोजते. काल ऐंशी अंश वाकला. जिना चढायला नव्वदच्या आसपास तरी लागतात म्हणे. दहाच राहिले!

तुला फोन केला असता, पण तू माझा फोन उचलत नाहीस. पत्र काही वाजत नाही, गुपचूप येऊन पडून राहतं. सत्यम म्हणाला, तुमचा पोस्टमन तिसऱ्या मजल्यापर्यंत चढत नाही, खालच्या पेटीत टाकून जातो. म्हणजे माझं पत्रसुद्धा खालीच थांबणार.

लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगमध्ये तिसरा मजला तू मुद्दाम घेतलास, असं मी चारचौघांत म्हणत होते. सासूचे गुडघे गेलेत, ती कशाला चढून येते, असा तुझा हिशोब असणार, असं. आता ते म्हणणार नाही.

पावणेसात वर्षांपूर्वी दवाखान्याच्या व्हरांड्यात मी जे बोलले, ते इथे लिहीत नाही. तुला पाठ असेल.

खरं कारण शेवटी लिहिते, कारण आधी लिहिलं असतं तर तू कागद घडी करून ठेवला असतास. मला तुमच्या घरी यायचंय. स्वतःच्या पायांनी, वरपर्यंत. तुला नको असेल तर हे पत्र नुसती गुडघ्याची बातमी म्हणून वाच.

धुरपताबाई


नांदेड, २५ नोव्हेंबर २०२५

चि. साक्षी,

उत्तर आलं नाही, पण पत्र परतही आलं नाही, म्हणून दुसरं लिहिते.

टाके निघाले. शंभर अंश! आणि जिना सुरू झाला. आपल्या गच्चीचा, सतरा पायऱ्यांचा. त्यात माझी अशी काही फजिती झाली की तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मनतशाच्या मामेबहिणीचं लग्न होतं. आठवडाभर ती येणार नव्हती म्हणून कागदावर सगळं लिहून गेली. कागद मी कपाटाच्या दाराला चिकटवला. त्यावर मोठ्या अक्षरांत होतं, "चढताना चांगला पाय आधी. उतरताना दुखरा पाय आधी." मी म्हटलं, एवढंच ना! चांगला पाय कोणता हे मला कुणी शिकवायचं? उजवा. देवळात उजवा, नव्या घरात उजवा, लेकरू पहिल्यांदा अंगणवाडीत आणलं तरी मी आयांना सांगायची, उजवा पाय आधी टाकू द्या बाई. त्यात हा उजवा तर नवाकोरा! याच्याहून चांगला पाय घरात दुसरा कोणता?

झालं. शेजारची गुरम्मा मागे उभी. तू तिला ओळखतेस, देगलूरची, चिडली की तेलुगूत बोलते. मी उजवा पाय वर टाकला आणि त्याच्यावर सगळं अंग उचलायला गेले. अगं, मांडी अशी थरथरायला लागली! पहिला दिवस दोन पायऱ्या, दुसरा दिवस तीन. चौथ्या दिवशी मी चौथ्या पायरीवर अशी अडकले की वरही जाता येईना, खालीही येता येईना. गुरम्मा "अय्यो, अय्यो" करते, पण हात काही देत नाही, कारण कागदावर लिहिलंय, ओढू नये. शेवटी मी बसले आणि बसल्या बसल्या घसरत खाली आले. वय चौसष्ट.

मनतशा परत आली आणि मला चढताना बघून किंचाळली.

"मावशी! कोणता पाय टाकून राहिल्या?"

"चांगला."

"हा चांगला? याच्यात परवा डॉक्टरांनी लोखंड बसवलं!"

"म्हणून तर चांगला. शिवाय उजवा आहे."

ती कपाळावर हात मारून पायरीवरच बसली. हसून हसून तिच्या डोळ्यांतून पाणी. "मावशी, चांगला म्हणजे शुभ नाही हो. चांगला म्हणजे जो दुखत नाही तो! माणूस दुखऱ्या पायानं कसं चढंल? आधी डावा वर टाका, त्याच्यावर अंग उचला, मग हा आपोआप येतो शेजारी. लहान लेकरू चढतं तसं. एका पायरीवर दोन्ही."

डावा टाकला. उजवा शेजारी आणला. डावा, शेजारी उजवा. अकरा पायऱ्या, साक्षी! एकदाही न बसता! उतरताना दुखरा आधी, तेही लगेच जमलं. गुरम्माने खाली टाळ्या वाजवल्या.

पण सातव्या पायरीवर मी थोडी थांबले होते. मनतशाला वाटलं दम लागला. दम नव्हता. काहीतरी आठवल्यासारखं झालं होतं. ते नीट बघून मग लिहीन.

धुरपताबाई


नांदेड, ३० नोव्हेंबर २०२५

साक्षी,

बघितलं.

तुमच्या लग्नाचं शूटिंग सत्यमने मागे पेनड्राइव्हवर घालून दिलं होतं. मी ते कधी लावलं नव्हतं. गुरम्माने टीव्हीला जोडून दिलं. जेवणं, बँड, नको ते सगळं पुढे सरकवत आपल्या दारापर्यंत आणलं. आपल्या दाराला तीन पायऱ्या. तू सत्यमच्या शेजारी उभी आहेस. पहिल्या पायरीवर तू डावा पाय टाकतेस. बरोबर, मला तेवढंच आठवत होतं. मी दारात ताट घेऊन उभी आहे आणि माझं तोंड कसं झालंय तेही दिसतं.

पण मला आठवत नव्हतं ते पुढे आहे. डाव्याच्या शेजारी तू उजवा आणतेस. परत डावा, शेजारी उजवा. एका पायरीवर दोन्ही. हात सत्यमच्या मनगटावर, तोही असा की त्याच्या मनगटाची शीर दिसते. माप उजव्या पायानेच लवंडलंस, अगदी बोटाने ढकलल्यासारखं, आणि तो पाय झटकन मागे घेऊन डाव्याने उंबरा ओलांडलास. मी ते चार वेळा मागे नेऊन बघितलं. गुरम्मा म्हणाली, "अगं, ही तर तुझ्यासारखीच चढते."

आज रविवार. सत्यमचा फोन आला. मी त्याला पहिलं तेच विचारलं. तो म्हणाला, "आई, बोहल्यावरून उतरताना तिचा घोटा मुरगळला होता. सुजला होता. तुला सांगू नको म्हणाली. नवी नवरी लंगडत आली म्हणतील म्हणून."

"आणि नंतर? दवाखान्यात मी बोलले तेव्हा?"

"तेव्हा बाबा आत होते, आई. तेव्हा कोण बोलणार होतं?"

आता लिहिते. तिसऱ्या दिवशी यांच्या छातीत कळ आली आणि मी व्हरांड्यात सगळ्या पाहुण्यांपुढे म्हणाले, "डाव्या पायानं आली. हा तिचा पायगुण." तू माझ्यासाठी चहा आणला होतास. तो तू बाकावर ठेवलास आणि गेलीस. दोन महिन्यांत तुम्ही लातूरला गेलात.

पायगुण कसला? हे तर वाचले! त्यानंतर तीन वर्षं जगले. आणि आज सत्यमकडून मला कळलंय की दर महिन्याला "मुरुडला मित्राकडे, संगप्पाकडे जाऊन येतो" म्हणून निघायचे ते मुरुडला जातच नव्हते. तुमच्या त्रेचाळीस की किती पायऱ्या चढून, तुझ्या हातचं जेवून यायचे. मुरुडला गेलेला माणूस लातूरच्या गंजगोलाईतल्या दुकानाची पिशवी घेऊन कसा येतो, हे मी एकदाही विचारलं नाही. कदाचित विचारायचं नव्हतं.

ते गेले तेव्हा तू आलीस, तेराव्यापर्यंत राबलीस आणि माझ्याशी एक शब्द न बोलता गेलीस. मी लोकांना सांगितलं, बघा, किती ताठा.

तू दुखऱ्या पायाने माझ्या घरात आलीस आणि मी पाय मोजला. चुकलं, साक्षी. हे वाक्य मी सत्यमकडून निरोप म्हणून पाठवू शकले असते, पण ते माझ्याच हाताने लिहायचं होतं.

धुरपताबाई


लातूर, ९ डिसेंबर २०२५

आत्या,

तिन्ही पत्रं मिळाली.

जिना असा आहे. एकूण त्रेचाळीस पायऱ्या, बाबांनी मोजल्या होत्या त्या बरोबर आहेत. पहिल्या मजल्यापर्यंत पंधरा, पुढे चौदा, मग परत चौदा. मी टेपने मोजलं. प्रत्येक पायरी साडेसहा इंच, फक्त अगदी खालची आठ इंच आहे, तिथे सगळेच ठेचकाळतात. कठडा चढताना उजव्या हाताला. दुसऱ्या मजल्याच्या पुढे कठड्याचा पाइप निघालेला आहे, बसवतो बसवतो म्हणत दोन वर्षं झाली. तिथे डावीकडे भिंत आहे, पण हाताला धरायला काही नाही. दुसऱ्या मजल्यावर खुर्ची ठेवता येईल एवढी जागा आहे. दुपारी उजेड चांगला असतो.

घोटा दीड महिना दुखत होता.

या, असं मी लिहिलेलं नाही. जिना कसा आहे तेवढं लिहिलं आहे.

साक्षी


नांदेड, १७ डिसेंबर २०२५

चि. साक्षी,

त्रेचाळीस! साडेसहा इंच! तुझं पत्र मी मनतशाच्या हातात दिलं. तिने ते परीक्षेचा पेपर वाचावा तसं वाचलं आणि म्हणाली, "मावशी, ही सून आहे का इंजिनीअर?" मी म्हटलं, सून आहे. किती वर्षांनी मी तो शब्द असा सरळ उच्चारला, माझ्याच लक्षात आलं.

मग तिने तुमचा जिना आमच्या जिन्यावर उभा केला! आमच्या सतरा पायऱ्या. एकदा वर, खाली, परत वर, खाली, आणि तिसऱ्यांदा नऊ, की तुमच्या त्रेचाळीस भरतात. पहिल्या पायरीखाली फरशीचा तुकडा काढून तिने ती पायरी आठ इंचांची केली. गच्चीच्या दारापाशी खुर्ची ठेवली, तो तुमचा दुसरा मजला. गुरम्मा रोज खालून विचारते, "आज लातूर किती लांब?"

आणि आता खरी बातमी. सोमवारी सहा आठवडे झाले. मनतशाने गुडघा मोजला. एकशे अठरा! म्हणाली, "आता लेकरासारखं चढणं बंद. आता माणसासारखं." म्हणजे एका पायरीवर एकच पाय. डावा या पायरीवर, उजवा पुढच्या, डावा त्याच्या पुढच्या. मी म्हटलं, म्हणजे उजव्यावर पूर्ण अंग उचलायचं? त्यानेच तर मला चौथ्या पायरीवर बसवलं होतं! ती म्हणाली, "तेव्हा तो कच्चा होता. भरोसा ठेवा ना थोडा."

उजवा पाय दुसऱ्या पायरीवर टाकला. गुडघा बोटांच्या पुढे जाऊ न देता, टाच टेकवून, मांडी आवळून. आणि उचलले गेले! अगं, अंग नुसतं वर गेलं, कुणी खालून हलकेच लोटल्यासारखं. कळ नाही. कट्ट आवाज नाही. दहा वर्षांत मी असा जिना चढले नव्हते. वर गच्चीत पोचले तेव्हा गुरम्माचे पापड वाळत होते, त्यातले दोन माझ्या काठीखाली मोडले आणि ती मला तेलुगूत काय बोलली ते मी विचारलं नाही.

आता एकच अडचण. तुमचा शेवटचा टप्पा, कठडा नसलेल्या चौदा पायऱ्या. मनतशा मला कठड्याला हात लावू देत नाही. काठी डाव्या हातात, उजवा हात मोकळा. काल आठ जमल्या. नवव्या पायरीला डोकं म्हणतं, पड आता. पाय म्हणत नाही, डोकंच म्हणतं.

दीड महिना घोटा दुखत होता, हे तू लिहिलंस. ते वाक्य मी मनतशाला वाचून दाखवलं नाही. ते माझ्यासाठी होतं.

धुरपताबाई


नांदेड, २ जानेवारी २०२६

चि. साक्षी,

चौदा. कठड्याशिवाय. आज सकाळी साडेदहाला.

तू 'या' लिहिलं नाहीस. म्हणून मी 'येऊ का' असं विचारते. मंगळवारी, सहा तारखेला, सकाळच्या गाडीने निघते. अहमदपूरमार्गे दुपारी एकच्या सुमारास पोचेन. सत्यमला सांगितलेलं नाही, तो रजा काढेल आणि मला हाताला धरून वर ओढेल. तसं यायचं नाही.

खाली आल्यावर तुला फोन करीन. तू उचलला नाहीस तर जवसाच्या चटणीची बरणी पत्रांच्या पेटीपाशी ठेवीन आणि चारच्या गाडीने परत फिरेन. रागावणार नाही.

हे शेवटचं वाक्य अर्धं खोटं आहे. रडेन, पण ते अहमदपूरच्या पुढे गेल्यावर.

धुरपताबाई


लातूर, १९ जानेवारी २०२६

मनतशा मॅडम,

तुम्ही मला ओळखत नाही. मी धुरपताबाईंची सून. तुमचा पत्ता तुमच्या व्यायामाच्या कागदावर होता. आत्यांनी तो कागद पिशवीत घालून आणला आहे. तुमचा फोन नंबर मागितला तर म्हणाल्या, मोबाइलची बॅटरी उतरली. मी म्हटलं, चला, निदान ती तरी उतरते. म्हणून पत्र लिहिते आहे.

सहा तारखेला त्या आल्या. खालून फोन केला, तो मी उचलला नाही, कारण मी तेव्हा जिन्यातच होते, पहिल्या मजल्यावर. बारा वाजल्यापासून तीनदा खाली येऊन वर गेले होते. मला बघून त्या पहिल्या पायरीलाच म्हणाल्या, "ही आठ इंचांची ना?" नमस्कार नाही, काही नाही. आणि डावा पाय टाकला.

तुमच्या कागदावर लिहिलं आहे की सोबतच्या माणसाने हात ओढू नये, एक-दोन पायऱ्या मागे राहावं. तो कागद त्यांनी आधी माझ्या हातात दिला, वाचायला लावला. म्हणून मी मागून चालले. त्यांना माझा चेहरा दिसत नव्हता. ते बरंच झालं. दुसऱ्या मजल्यावर खुर्ची ठेवली होती, तिच्यावर त्या बसल्याच नाहीत. कठडा संपला तिथे मात्र थांबल्या. नऊ पायऱ्या केल्या आणि थिजल्या. वळून न बघता म्हणाल्या, "साक्षी, कोणता पाय गं?"

मी म्हटलं, "जो दुखत नाही तो."

मग थोडं चढल्यावर म्हणाल्या, "तो शब्द मी त्या दिवशी..." मी म्हटलं, "आत्या, बोलू नका, दम लागेल." दारातून आत जाताना कोणता पाय आधी पडला ते मी बघितलं नाही. मुद्दाम भिंतीकडे बघत होते.

मी सगळं विसरले असं नाही, मॅडम. अजून काही गोष्टी मला विचारायच्या आहेत त्यांना, आणि त्यांच्याजवळ सगळ्याची उत्तरं असतीलच असं नाही. परवा एक विचारली. दोघींचाही चहा थंड झाला. तरी त्या उठून आत गेल्या नाहीत, मीही नाही.

आता मुद्दा. आज चौदावा दिवस आहे. त्या दोन दिवसांसाठी आल्या होत्या. मी उतरायचं विचारलं की म्हणतात, "मनतशाने मला नुसतं चढायचंच शिकवलं, उतरायचं शिकवायचं राहिलं. त्यात तुमच्या जिन्याला कठडा नाही." त्यांच्या पंचवीस नोव्हेंबरच्या पत्रात स्वच्छ लिहिलं आहे की उतरताना दुखरा पाय आधी टाकायचा आणि ते त्यांना लगेच जमलं. ते पत्र माझ्या कपाटात आहे. मी ते त्यांना दाखवलेलं नाही.

तरी आपण तज्ज्ञ आहात. अशा माणसाला कठडा नसलेला जिना उतरायला कसं आणि कधी शिकवावं, ते सविस्तर लिहून कळवावं. टपालानेच पाठवा. घाई नाही.

आपली,
साक्षी